आधी झील, मग गाणं

भाऊबीज झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते. हलका धान कापून बांध्यांत पडलेला असतो, लेकी माहेरी आलेल्या असतात आणि दुपारनंतर गावाच्या आखरावर पाय ठेवायला जागा उरत नाही. अशाच एका मंडईत, मी सात वर्षांचा असताना, आजोबांनी मला खडीगंमतीच्या फडात उभं केलं. शाहिराच्या मागे, तीन मोठ्या माणसांच्या कडेला. हातात टाळ दिला आणि म्हणाले, "आदी आयक. शाहिराचा दम सरला का मंग झील धरजो. त्याच्या आदी तोंड उघडू नोको."

दोन ओळी मी नुसता ऐकत राहिलो. तिसऱ्या ओळीच्या शेवटी शाहिराचा आवाज किंचित खाली बसला. दम सरत आल्याची ती खूण मला कळली आणि शेजारच्या तिघांसोबत माझ्याही गळ्यातून सूर निघाला. त्यांच्या आवाजात तो कुठे मिसळला ते मलाही ऐकू आलं नाही. आता मी तिशी ओलांडली आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांना पेटीची आणि कीबोर्डची साथ करतो. 'संगीत कुठे शिकलात?' असं कोणी विचारलं की मला ती कडेची जागा आठवते.

झील म्हणजे काय

शाहीर ओळ म्हणतो. ओळीचा शेवटचा तुकडा मागे उभे असलेले झीलकरी उचलतात, वरच्या पट्टीत लांबवतात आणि पुन्हा शाहिराच्या हवाली करतात. पोवाड्यातलं 'जी जी' हीसुद्धा झीलच. ऐकणाऱ्याला ती भर वाटते. फडात उभ्या असलेल्याला मात्र ठाऊक असतं की तेवढ्या चार मात्रांत शाहीर श्वास घेतो, समोरच्या गर्दीचा अंदाज घेतो, पुढची ओळ आठवतो, कधी तिथल्या तिथे रचतो. झील लवकर आली तर शाहिराचा शब्द कापला जातो. उशिरा आली तर मध्ये खड्डा पडतो. पट्टी चुकली तर पुढची ओळ कुठून उचलावी तेच त्याला कळत नाही.

खडीगंमत उभ्यानं होते, म्हणून ती खडी. तिला रंगमंच नाही, पडदा नाही. चहूबाजूंनी माणसं आणि मधल्या मोकळ्या जागेत शाहीर, ढोलकीवाला, तुणतुणेवाला, झीलकरी आणि बाईच्या वेशातला नाच्या. तिच्या जोडीला आमच्याकडे दंडार आहे. तिच्यात नाच, गाणं आणि सोंग एकमेकांत मिसळलेलं असतं. मंडईत दिवसा दंडार किंवा खडीगंमत आणि रात्री नाटक, असा क्रम मी लहानपणापासून पाहत आलो.

विदर्भात गायन-वादनाचे वर्ग नव्हते असं नाही. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात वसंतराव देशपांडे शिकले, आणि पुढे सी. रामचंद्र म्हणून गाजलेला रामचंद्र चितळकरही तिथलाच विद्यार्थी. पण पवनी तालुक्यातल्या आमच्या गावातून रोज नागपूर गाठणं कोणाला जमणार? वर्गातलं मूल 'सा'पासून सुरुवात करतं, मग अलंकार, मग राग. आमच्याकडचं मूल आधी दुसऱ्याच्या गाण्यात उभं राहतं. त्याला स्वरांची नावं फार उशिरा कळतात. समोरच्याचा श्वास आधी कळतो. ही शिकण्याची एक पुरती पद्धत आहे. तिला पायऱ्या आहेत, शिस्त आहे. कागदावर ती कुठे लिहिलेली नाही, म्हणून ती मी जशी चढलो तशी सांगतो.

चिखलातला ताल

माझी पहिली गायिका आजी. आषाढात रोवणी लागली की ती मला बांधीच्या धुऱ्यावर बसवायची आणि इतर बायांबरोबर चिखलात उतरायची. रोवणी उलट्या पावली करतात. डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, उजव्या हाताने दोन-तीन काड्या चिखलात रोवायच्या आणि एक पाऊल मागे सरायचं. एक बाई गाणं उचलायची आणि अख्खी ओळ ते झेलायची. सगळ्यांचे हात एकदम चिखलात जायचे, तीच सम. कोणी दमली की गाणं संथ व्हायचं, पण ओळ मोडायची नाही. ज्या बाईची रांग मागे पडे, तिच्यासाठी बाकीच्या एक कडवं जास्त म्हणायच्या.

आजी टाळाला 'टार' म्हणे. आमच्या झाडीबोलीत 'ळ' नाही, त्याचा 'र' होतो; 'ण'चा 'न' होतो. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा आणि दंडारीचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचं लिखाण वाचल्यावर मला पहिल्यांदा समजलं की आजीचे उच्चार अशुद्ध नव्हते. तिच्या भाषेला स्वतःचा नियम होता. शाळेत गाताना आम्ही मुलं 'ळ' आणायला धडपडायचो आणि त्या धडपडीत सूर हलायचा. घरी आजीच्या बोलीत गायलो की तो जागेवर बसायचा. पहिलं गाणं मुलाच्या तोंडातल्या भाषेत असावं, हे माझं मत तेव्हापासूनचं.

आजी मंडईत कधी गायली नाही. तिथे बाया बघायला जायच्या. बाईचं सोंगसुद्धा पुरुषच घ्यायचा.

भिंतीवरचं डफडं

आमच्या घरात भिंतीवर एक डफडं टांगलेलं होतं आणि त्याला कोणी हात लावत नसे.

ते पणजोबांचं. गावात लग्न असो, पोळा असो की कोणाची मयत, बोलावणं आलं की त्यांना डफडं घेऊन जावं लागे. नाही म्हणायची सोय नव्हती. मोबदल्यात सुगीला थोडं धान मिळे. वाजवण्याची जागा मांडवाच्या बाहेर.

१९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले. ते निवडून आले नाहीत. आजोबा तेव्हा चौदा वर्षांचे होते. निकालापेक्षा त्यांच्या लक्षात राहिली ती प्रचाराला गावोगाव फिरलेली गाणी. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, तेव्हा पणजोबा आणि आजोबा पवनी रोडहून छोट्या लाईनच्या गाडीने नागपूरला गेले. परत आल्यावर पणजोबांनी डफडं खुंटीला अडकवलं आणि गावाला सांगितलं, आता हे वाजणार नाही. अनेक गावांत, अनेक घरांत तेव्हा असंच घडलं. वाद्य सोडणं हा मानाने जगण्याचा एक भाग होता.

पण ताल अंगातून कुठे जाणार? आजोबांनी तुणतुणं केलं. लाकडी पोकळ नळ्याला खाली चामडं, त्यातून वर दांडीच्या खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार. त्यावर ते भीमगीतं म्हणू लागले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गाणी नाशिककडून तोंडोतोंडी आमच्यापर्यंत पोचायची. कोणी नागपूरला ऐकून यायचं, कोणी नातेवाइकाच्या लग्नात. आजोबा ती वहीत उतरवून घ्यायचे. चाल लिहिता येत नसे, म्हणून ज्याच्याकडून गाणं ऐकलं त्याचं नाव गाण्याखाली लिहून ठेवायचे. चाल विसरली की त्या माणसाच्या गावी जायचं. आमच्या घरातलं संगीताचं पहिलं पुस्तक ते.

अकरा वर्षांचा असताना मी त्यांना विचारलं, "वाजवणं वाईट असते, तर तुम्ही तुणतुणं काहून वाजवता?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाजवनं वाईट नोहोतं, बापू. हुकमानं वाजवनं वाईट होतं."

साथ करणाऱ्या माणसाने हे वाक्य जपून ठेवावं. दुसऱ्याच्या मागे उभं राहून त्याचं गाणं तोलून धरणं ही मोठी कला आहे, पण ती आपल्या मनाने पत्करलेली असली तरच.

बाबांची पेटी

बाबांनी एका वर्षी धानाच्या पैशातून जुनी पेटी विकत घेतली. डबल रीडची, भात्याला दोन ठिकाणी ठिगळ. पावसाळ्यात तिच्या दोन पट्ट्या ओल धरून अडकायच्या, मग बाबा ती उघडून कापडाने एकेक सूर पुसायचे. मी कंदील धरून बसायचो. वाद्य आतून कसं बोलतं हे मी तसं पाहिलं: पितळेची पातळ जीभ, खालून येणारी हवा आणि तिच्या थरथरण्यातून निघणारा आवाज.

हे वाद्य आपल्याकडे बाहेरून आलं. फ्रान्समध्ये देबँ यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायाने चालवायची होती. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताने भाता मारायची पेटी घडवली, आणि मांडी घालून बसणाऱ्या आपल्या गवयांना ती सोयीची झाली. आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं तिच्यावर बंदी घातली होती. आक्षेप असा, की तिचे स्वर ठरलेले. दोन स्वरांमधून घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही. आक्षेप खरा आहे. आजी रोवणीत जो सूर घ्यायची तो मी पेटीवर कितीदा शोधला. तो दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी असायचा.

बाबा म्हणायचे, "पेटी वाट दाखवते, चालावं गऱ्यानं." त्यांनी मला सरगम नंतर शिकवली, आधी पट्टी ओळखायला लावली. कोणी अंगणातून गुणगुणत गेलं की विचारायचे, "सांग, काळी दोन का पांढरी चार?" मी पेटीवर बोट ठेवून शोधायचो. वर्षभरात बोट न ठेवता सांगता येऊ लागलं.

पाच मुलं, दोन खंजिऱ्या

माझा पहिला संच आठवीत जमला. आमच्या भागात गावागावांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली भजन मंडळं आहेत. महाराज (१९०९–१९६८) मूळचे अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे. हातातल्या खंजिरीवर भजन गात त्यांनी खेडी पालथी घातली, आणि खंजिरी हे विदर्भाचं घरगुती वाद्य होऊन गेलं. लाकडी कडं, एका बाजूला चामडं, कडेच्या खाचांत पितळी चकत्या. डाव्या हातात उभी धरायची, उजव्या हाताने थाप द्यायची. ती हलकी, स्वस्त आणि पिशवीत मावणारी, म्हणून मुलांच्या हाती सहज येते.

आम्ही पाच जण गावाच्या दोन टोकांचे. दोन खंजिऱ्या, एक ढोलक, एक टाळ आणि बाबांची पेटी. मंगळवार-शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात बसायचो. पहिल्याच महिन्यात भांडण झालं, कारण पाचांनाही पुढे गायचं होतं. आजोबा आले आणि त्यांनी एक नियम घातला: जो एक भजन पुढे होऊन म्हणेल, त्यानं पुढच्या चार भजनांना झील धरायची. भांडण मिटलं. आणखी एक गोष्ट झाली जी मला पुष्कळ उशिरा समजली. प्रत्येकाला प्रत्येकाचा दम कळू लागला.

त्याचा उपयोग त्या हिवाळ्यात झाला. तालुक्याच्या खंजिरी भजन स्पर्धेत आमची पाळी पहाटे दोनला आली. दहिवर पडलं होतं आणि दोन्ही खंजिऱ्यांची चामडी सैल पडून भदभद वाजू लागली होती. एरवी शेकोटीवर धरून ती ताणून घेतात. तिथे शेकोटी नव्हती, म्हणून आम्ही मांडवाच्या हॅलोजन दिव्यासमोर त्या आळीपाळीने धरून बसलो. भजनाच्या मध्यावर पुढे गाणाऱ्या मित्राचा घसा बसला. त्याचा सूर खाली येतोय हे चौघांनाही एकाच क्षणी ऐकू आलं. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. चौघांनी झील एक ओळ आधी उचलली आणि कडवं पार नेलं. त्याला घोटभर पाणी प्यायला वेळ मिळाला आणि शेवटचं कडवं तोच गायला. बक्षीस आम्हाला मिळालं नाही. पण त्या रात्री आम्ही संच झालो.

मंडळ मोडतं कसं, तेही मी त्याच वयात पाहिलं. मामाचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. माणसं नव्या वसाहतीत आणि नातेवाइकांच्या गावी पांगली. ढोलक एकाकडे, पेटी दुसऱ्याकडे, झीलकरी चार दिशांना. वाद्यं सगळी शाबूत होती. एका हाकेत जमणारे शेजारी उरले नव्हते, म्हणून भजन थांबलं.

धुमालचे दिवस

सतराव्या वर्षी मी लग्नसराईत धुमालमध्ये वाजवू लागलो. छत्तीसगडपासून नागपूरपर्यंतच्या पट्ट्यात वरातीला धुमाल लागतो. गाडीवर भिंतीएवढे स्पीकर, उभ्याने बडवायचे ढोल, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, आणि या सगळ्यांच्या वर चाल धरणारा बँजो.

हा बँजो अमेरिकेतल्या बँजोहून निराळा. आपल्याकडे त्याला बुलबुल तरंग असंही म्हणतात. तो मूळचा जपानचा. नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये ताईशोगोतो नावाचं वाद्य काढलं. तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवल्या. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हाताने तार छेडायची. ज्याला स्वरांची जागा बोटाने शोधता येत नाही, त्यालाही चाल वाजवता यावी अशी ती युक्ती. शंभरेक वर्षांनी ते विजेच्या तारा लावून भंडाऱ्याच्या वरातीत वाजत होतं आणि मी त्याच्या शेजारी कीबोर्डवर उभा होतो.

धुमालने मला खूप दिलं. शेकडो गाणी, प्रत्येकाची पट्टी, आणि गर्दीचा कंटाळा एका ओळीआधी ओळखण्याची नजर. हाताशी पैसे आले. बारावीची फी मी स्वतः भरली. एका हंगामाची निम्मी मजुरी बुडाली, तीही शिकवण म्हणून धरली. पण दोन हंगामांनी उजव्या कानात रात्रभर शीळ वाजू लागली. डॉक्टरांनी आवाजापासून दूर राहायला सांगितलं. या धंद्यात येणाऱ्या पोरांना मी कळकळीने सांगतो: कानात बोळे घाला, स्पीकरच्या तोंडासमोर उभे राहू नका. वादकाची पुंजी हातात असते त्याहून जास्त कानात असते.

आणि धुमालमध्ये एका गोष्टीची उणीव मला रोज टोचायची. त्या आवाजात शेजारच्याचा श्वास ऐकू येत नाही. तिथे झीलच नाही.

झाडीपट्टीची रात्र

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या, जंगलाच्या आणि तलावांच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. तिथल्या नाटकांचं केंद्र वडसा, म्हणजे देसाईगंज. नाटक मंडळांच्या कचेऱ्या तिथे. गावची मंडळी येऊन मंडई किंवा शंकरपटासाठी नाटक ठरवून जातात. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि उजाडता पडतो. शेतकरी, मजूर, म्हाताऱ्या बाया शाली पांघरून रात्रभर बसून राहतात. २०२३ मध्ये गडचिरोलीचे झाडीपट्टी कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हा साथीदारांनाही आपल्या रात्रींची कोणी दखल घेतल्यासारखं वाटलं.

विसाव्या वर्षी एका मंडळाचा पेटीवाला आजारी पडला आणि मला निरोप आला. तालीम मिळाली ती दुपारची दोन तास. रात्री पहिल्या अंकात नायकाने संवाद म्हणता म्हणता एकदम पद उचललं, सूर न मागता. पट्टी कुठली, कोणालाच ठाऊक नाही. मी हात पेटीवर ठेवून थांबलो. पहिला लांबवलेला स्वर ऐकला, काळी दोन. पण तो स्वर 'सा' असेल की 'प'? पुढचे दोन शब्द ऐकले, तेव्हा पाया सापडला. मग अगदी हलक्या हाताने खाली षड्ज धरला. नायकाच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला बसल्या जागेवरून दिसला.

हळूहळू या कामातल्या खुणा कळल्या. पद येण्याआधी दोन वाक्यं संवादाखाली 'सा' ठेवून द्यावा. नट तोच सूर नकळत उचलतो. नट संवाद विसरला तर प्रॉम्प्टरला दोन क्षण मिळावेत म्हणून एखादी स्वरओळ फिरवावी. रडण्याच्या प्रसंगात हुंदका संपेपर्यंत हात उचलून ठेवावा. कीबोर्डवर एक कळ दाबली की अख्खी पट्टी बदलते, पण नवख्या मुलांना मी पहिला हंगाम पेटीच देतो. कळ बोटाला वाचवते आणि कानाला आळशी करते. हे सगळं करताना मला कळत गेलं, की मी अजून मंडईतल्या त्याच कडेच्या जागेवर उभा आहे. शाहिराच्या जागी नट आला आणि टाळाच्या जागी पेटी.

आजोबा आता नाहीत. त्यांची वही माझ्याकडे आहे, आणि मी प्रत्येक नव्या गाण्याखाली ते ज्याच्याकडून आलं त्याचं नाव लिहितो.

गेल्या उन्हाळ्यात माझी नऊ वर्षांची भाची सुट्टीला आली होती. ती भिंतीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मामा, हे मी वाजवू का?"

"कोणी सांगितलं तुले?"

"कोनीच नाही. मलेच वाटते."

बाबा बाजेवर बसले होते. त्यांनी मान हलवली. मी डफडं खुंटीवरून उतरवलं. इतक्या वर्षांत चामडं वाळून तडकलं होतं, पण लाकडी कडं शाबूत होतं, आणि पणजोबांचा अंगठा जिथे टेकायचा तिथे ते अजून गुळगुळीत होतं. चामडं नवीन बसवून आणलं आहे. येत्या मंडईत ती फडात उभी राहून वाजवणार आहे, जिथे तिच्या पणजीला कधी उभं राहता आलं नाही. मी तिच्या मागे झील धरणार आहे. तिचा दम कुठे सरतो, ते आतापासून ऐकून ठेवतो आहे.